मुलाला ताप आला की काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

मूल गरम लागलं की घरात पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो. थर्मामीटर नंतर सापडतो, मुलाकडे नीट बघणं त्याहून नंतर होतं आणि लिहून ठेवणं तर राहूनच जातं. मग दवाखान्यात "ताप कधीपासून? किती होता? शेवटचं औषध कधी आणि किती मिली दिलं?" असं विचारलं की आईबाबा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माया कुठेच कमी नसते. घाबरल्यामुळे कामांचा क्रम उलटा होतो. आणि तापात क्रम महत्त्वाचा आहे. एकदा औषध पोटात गेलं की पुढचे काही तास खरा ताप किती होता ते कळत नाही, आणि दोनदा दिलेलं औषध परत काढता येत नाही.

## सगळ्यात आधी: तीन महिन्यांच्या आतलं बाळ

पुढचे टप्पे तीन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला तर घरी काहीही करत बसू नका. औषध देऊन उतरतो का ते बघू, असंही नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट रुग्णालय गाठा. एवढ्या लहान बाळात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्गसुद्धा सुरुवातीला नुसत्या तापाच्या रूपात दिसू शकतो. दूध पितंय म्हणजे बरं आहे, हा अंदाज इथे चालत नाही. बाळ उलट थंड पडलं, दूध ओढेनासं झालं, सारखं झोपूनच राहिलं तरी तेवढीच घाई करा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश सेल्सिअस (१०२.२ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## तयारी: मूल बरं असतानाच करून ठेवा

ताप बहुतेक वेळा रात्री लक्षात येतो. त्या वेळी शोधाशोध नको म्हणून एका डब्यात एवढं ठेवा:

- चालू बॅटरीचा डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचा असेल तर तो बाजूला काढा. काच फुटली की पारा घरभर होतो.
- तोंडाने औषध द्यायची, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज.
- पॅरासिटामॉलची एकच बाटली, एकाच तीव्रतेची. ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही घरात ठेवू नका. कारण चौथ्या टप्प्यात येईल.
- ओआरएसची दोन-तीन पाकिटं.
- सेकंद दिसणारं घड्याळ आणि टॉर्च.
- वही-पेन, आणि वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं वजन तारखेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि लसीकरणाच्या नोंदी.

वजन लहान बाळाचं दर महिन्याला आणि मोठ्या मुलाचं दर तीन-चार महिन्यांनी बदलून लिहा. औषधाचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा आहे.

तपासा: बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहिली आहे का? पाणी घालून बनवलेलं जुनं अँटिबायोटिक डब्यात असेल तर टाकून द्या. एकदा पाणी घातलं की ते काही दिवसच टिकतं, आणि मागच्या आजाराचं औषध या आजाराला लागू पडेलच असं नाही.

## टप्पा १: ताप मोजा

कपाळाला हात लावून "थोडी कणकण आहे" म्हणणं ही सुरुवात झाली, मोजमाप नव्हे. बाहेरून आलेल्या गार हाताला कोणतंही मूल गरमच लागतं.

मूल नुकतंच पळून आलं असेल, गुंडाळून ठेवलं असेल किंवा त्याची अंघोळ झाली असेल तर वीस मिनिटं थांबा. मग काख कोरडी पुसा. थर्मामीटरचं टोक काखेच्या खोल मध्यावर टेकवा आणि दंड छातीशी दाबून धरा. टोक पुढून किंवा मागून बाहेर डोकावत असेल तर आकडा कमी येतो, आणि चुळबुळणाऱ्या मुलात हे हमखास होतं. मुलाला मांडीवर घेऊन त्याचा हात आपल्या हाताने धरून ठेवा. पहिली 'बीप' वाजेपर्यंत काढू नका.

चार-पाच वर्षांपुढच्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलात जिभेखाली मोजता येतं, पण गरम किंवा थंड काही प्यायल्यावर किमान पंधरा मिनिटांनी. कपाळासमोर धरायचा थर्मामीटर चाळणीपुरता ठीक आहे. त्यात ताप दिसला की काखेत मोजून खात्री करा.

३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) आणि पुढे म्हणजे ताप. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी असतो. म्हणून काखेत ९९.५ ते १००.४ फॅरनहाइटच्या मधला आकडा आला तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

इशारा: मनाने एक अंश मिळवून सांगू नका. "काखेत १०१" असं, जागा आणि आकडा जसाच्या तसा सांगा. आई एक अंश मिळवते, बाबा मिळवत नाहीत, आणि डॉक्टरांना ताप वाढतोय की उतरतोय तेच कळत नाही.

## टप्पा २: औषधाआधी मुलाकडे बघा

आकडा किती आहे यापेक्षा मूल कसं आहे यावरून आजाराचं गांभीर्य जास्त कळतं. १०३ ताप असलेलं पण खेळणं मागणारं, नजरेला नजर देणारं मूल आणि १०१ तापात मलूल पडून हाक मारल्यावर जेमतेम डोळे उघडणारं मूल, यातलं दुसरं मला जास्त काळजीचं वाटतं.

मुलाचे वरचे कपडे काढा, उजेड करा आणि या क्रमाने बघा.

१. श्वास. मूल शांत किंवा झोपेत असताना पोट-छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षात ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद आहे. तापानेही श्वास थोडा वाढतो, म्हणून आकडा काठावर असेल तर ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर पुन्हा मोजायला थांबायचं नाही, निघायचं.

२. प्रतिसाद. ओळखतंय का, कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, रडणं नेहमीसारखं आहे का. न थांबणारं किरटं रडणं किंवा नुसतं कण्हणं वेगळं ऐकू येतं, आणि तो फरक आईबाबांच्या कानाला लगेच कळतो. त्यावर विश्वास ठेवा.

३. पाणी. जीभ ओली दिसते का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, शेवटची लघवी कधी झाली. सात-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, बाळाची टाळू खोलगट झाली आहे, ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची खूण.

४. मान आणि टाळू. मोठ्या मुलाला हनुवटी छातीला टेकवायला सांगा. बाळाची टाळू शांत असताना फुगलेली दिसते का ते हात फिरवून बघा.

५. त्वचा. सगळं अंग बघा, लंगोटाखालीसुद्धा. पुरळ किंवा ठिपके असतील तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून धरा. दाबाखाली ठिपके फिके झाले नाहीत तर तो त्वचेखालचा रक्तस्राव असू शकतो. सावळ्या रंगाच्या मुलात तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा (तोंडाचं छत) बघा. तिथे ठिपके लवकर दिसतात.

लगेच रुग्णालयात न्या, यातलं एकही दिसलं तरी:
- श्वासाला त्रास, ओठ किंवा जीभ निळसर
- जागं करूनही नीट जागं न होणं, बरळणं
- दाबल्यावर फिके न होणारे लाल-जांभळे ठिपके
- मान ताठ, टाळू फुगलेली
- काहीच न पिणं किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडणं
- आकडी
- हातपाय थंडगार आणि त्वचा फिकट किंवा चट्टेदार

उन्हात किंवा बंद गाडीत राहिल्याने अंग तापून मूल गुंगलं असेल तर तो उष्माघात आहे. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. मुलाला सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि तसंच रुग्णालयात न्या. खालचं औषधाचं गणित त्याला लागू नाही.

## टप्पा ३: पाणी, कपडे, आराम

धोक्याची खूण नसेल तर आता थोडं-थोडं पाजायला सुरुवात करा. अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको. मोठ्या मुलाला दर काही मिनिटांनी दोन-चार घोट. खाण्याची जबरदस्ती करू नका, एक-दोन दिवस कमी खाल्लं तर चालतं. पिणं मात्र थांबता कामा नये.

कपड्यांचा एक पातळ थर पुरे. ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा हलकं पांघरूण घाला, ती थांबली की काढा. घाम यावा म्हणून जाड गुंडाळलं तर ताप वाढतो.

गार पाण्याच्या पट्ट्या, बर्फ आणि स्पिरिट तिन्ही टाळा. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि आतला ताप उलट चढतो. स्पिरिट त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं. कोमट पाण्याने अंग पुसल्यावर मुलाला बरं वाटत असेल तर पुसा, रडत असेल तर सोडून द्या.

## टप्पा ४: औषध, वजनावर आणि मिलीत

औषध कशासाठी द्यायचं हे आधी ठरवा. अंग दुखतंय, मूल बेचैन आहे, पीत नाहीये, झोपू शकत नाहीये, तर द्या. १०१ ताप आहे पण मूल छान खेळतंय, तर फक्त आकडा खाली आणण्यासाठी देण्याची गरज नाही. ताप मेंदूत जाईल ही भीती खूप घरांत असते. संसर्गाने आलेला ताप सहसा ४१ अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि एवढ्या तापाने मेंदूला इजा होत नाही. इजा होऊ शकते ती मेंदूज्वरासारख्या मूळ आजाराने; म्हणून तर दुसरा टप्पा औषधाच्या आधी ठेवला आहे.

पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

आता १२ किलोच्या मुलाचं गणित करू. १२ गुणिले १५ म्हणजे १८० मिलिग्रॅम. ते किती मिलीत बसतात हे बाटलीवर अवलंबून आहे:

- ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप: ७.५ मिली
- ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप: ३.६ मिली
- १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स: १.८ मिली

सिरपचे ७.५ मिली लक्षात राहिले आणि हाताला ड्रॉप्सची बाटली लागली, तर मुलाच्या पोटात एका वेळी ७५० मिलिग्रॅम जातात. या मुलाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ७२० आहे. म्हणजे एकाच घोटात दिवसभराच्या मर्यादेपेक्षा जास्त. एकाच तीव्रतेची एकच बाटली ठेवायला सांगितलं ते यासाठी. नवी बाटली आणली की लेबलवरचा "प्रत्येक ५ मिलीत" किंवा "प्रत्येक १ मिलीत" हा मजकूर मोठ्याने वाचा आणि मग वहीत आपल्या मुलाचे मिली लिहून ठेवा.

नेहमी होणाऱ्या चुका:

घरातल्या चमच्याने मोजणं. चमचे लहान-मोठे असतात. सिरिंजच वापरा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा.

वयावरून डोस देणं. दोन वर्षांचं एक मूल ९ किलोचं असतं, दुसरं १४ किलोचं.

सर्दीचं मिश्र औषध सोबत देणं. त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आधीच असतं आणि नकळत दुहेरी डोस जातो. लहान मुलांना या मिश्रणांचा फायदाही नाही.

आजीने दिलं, आईला माहीत नाही. औषध देणारी व्यक्ती एकच ठरवा, निदान वहीत लिहिल्याशिवाय कुणी बाटली उघडायची नाही असा नियम करा.

अर्ध्या तासात ताप उतरला नाही म्हणून पुन्हा देणं. औषधाचा परिणाम दिसायला तासभर लागू शकतो, आणि १०४ चा ताप १०२ वर आला तरी औषधाने काम केलेलं असतं. ताप पूर्ण उतरलाच पाहिजे असं नाही.

झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवणं. शांत झोपलं असेल आणि श्वास नीट चालू असेल तर झोपू द्या.

औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदाच पुन्हा देता येतं. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

इशारा: पॅरासिटामॉल जास्त गेल्याची शंका आली तर मूल ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. यकृताला इजा होत असतानाही पहिला दिवस मूल बरं दिसू शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. वेळेत दिलेला उतारा काम करतो.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही ताप उतरवणारी दुसरी औषधं मनाने देऊ नका. डेंग्यूची शंका असताना त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, जुलाब-उलट्यांत मूत्रपिंडावर ताण येतो, आणि कांजिण्यांतही ती टाळायची असतात. दोन औषधं आलटून-पालटून देण्याचा उद्योगही नको. मध्यरात्री कोणतं कधी दिलं याचा गोंधळ ठरलेलाच. अस्पिरिन १६ वर्षांच्या आत तापासाठी कधीही नाही: विषाणूच्या तापात त्याने रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो.

## टप्पा ५: लिहा

एका ओळीत एवढं पुरे: "मंगळवार, रात्री ११.२०, काखेत १०२.४, सिरप ७.५ मिली, दोन वेळा पाणी, १० वाजता लघवी, खोकला नाही." आणि दीड-दोन तासांनी दुसरी ओळ: "१००.८, उठून बसला, खेळणं मागितलं."

ही दुसरी ओळ पहिल्याइतकीच मोलाची आहे. ताप उतरल्यावर मूल हुशार होतं की ताप कमी होऊनही मलूलच राहतं, हे डॉक्टरांना तपासणीच्या पाच मिनिटांत दिसत नाही. तुम्हालाच दिसतं. मात्र औषधाने ताप उतरला म्हणजे आजार साधा, असा अर्थ काढू नका. जिवाणूंच्या गंभीर संसर्गातही पॅरासिटामॉलने ताप उतरतो.

ताप पहिल्यांदा कधी मोजला ती तारीख आणि वेळ वर मोठ्या अक्षरात लिहा. पुढचा सगळा विचार "आज तापाचा कितवा दिवस" या प्रश्नावर चालतो.

## आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत दोन ते पाच जणांना तापात कधीतरी आकडी येते. बघणाऱ्याचा जीव गोळा होतो, पण ती बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करत नाही.

१. घड्याळ बघा.
२. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा.
३. गळ्याजवळचे कपडे सैल करा.
४. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
५. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा लगोलग दुसरी आली, तर तातडीची मदत बोलवा.

पहिलीच आकडी असेल तर ती थांबल्यावरही त्याच वेळी डॉक्टरांना दाखवा. शक्य असल्यास दुसऱ्या कुणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा, निदानाला मोठी मदत होते. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. दर चार तासांनी पॅरासिटामॉल दिल्याने ती टळते, हा समज चुकीचा आहे.

## टप्पा ६: दिवस मोजत आजाराचा माग काढा

निदान डॉक्टरांनी करायचं. पण कोणत्या दिवशी काय शोधायचं हे माहीत असलं तर तुम्ही योग्य वेळी पोचता.

पहिले दोन दिवस. बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि तीन ते पाच दिवसांत जातात. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, ताप उतरल्यावर मूल खेळतंय, तर वाट बघता येते. लस दिल्यावर पहिले एक-दोन दिवस ताप येऊ शकतो; गोवराच्या लसीनंतर तो साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. दात येण्याने ३८ अंशांच्या वर ताप येत नाही, तेव्हा "दात येताहेत" म्हणून सोडून देऊ नका. कान ओढत रडणं, विशेषतः आडवं केल्यावर, हे कानाच्या आतल्या संसर्गाचं असू शकतं.

ताप आहे पण सर्दी, खोकला, जुलाब काहीच नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलात, त्यातही मुलींमध्ये, लघवीतल्या संसर्गाचा विचार आधी करा. तो सगळ्यात जास्त निसटतो, कारण एवढं लहान मूल जळजळ सांगू शकत नाही. लघवीचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचा. जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत धरा. चिकटवायच्या पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि खोटा संसर्ग दिसू शकतो.

घसा. सर्दी-खोकला नसताना अचानक घसा दुखून ताप, गळ्यात दुखऱ्या गाठी, आणि वय शाळकरी, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. तो ठरला तर अँटिबायोटिक सहसा पूर्ण दहा दिवस द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवलं तर पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप येण्याचा धोका राहतो.

जुलाब आणि ताप. इथे तापापेक्षा पाणी महत्त्वाचं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण घाला. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आत ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, घोट-घोट. बनवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. शीमध्ये रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

पुरळ. कोणत्या दिवशी आणि कुठून सुरू झालं हे लिहा. तीन ते पाच दिवस चढा ताप आणि तो उतरल्यावर अंगावर गुलाबी पुरळ, मूल एरवी ठीक, वय दोनच्या आत: बहुधा रोझिओला, आपोआप जातो. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ: हँड-फूट-माउथ. पाण्याने भरलेले फोड, काही नवे, काही फुटलेले, काही खपली धरलेले, सगळे एकाच वेळी: कांजिण्या. खोकला, वाहतं नाक, लालभडक डोळे आणि ताप असताना तीन-चार दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं पुरळ: गोवर. गोवराला साधं समजू नका. त्यात न्यूमोनिया होतो, आणि डॉक्टर वयानुसार अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. जाण्याआधी दवाखान्यात फोन करून पुरळाबद्दल सांगा, म्हणजे इतर मुलांपासून वेगळं बसवता येतं.

तिसरा ते सातवा दिवस, डेंग्यू असलेल्या भागात. इथे पालक सगळ्यात जास्त फसतात. ताप उतरतो, घरात सुटकेचा श्वास टाकला जातो, आणि नेमकं त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. धोक्याचे हे २४ ते ४८ तास ताप गेल्यावर सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, गुंगी किंवा अकारण तगमग, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर लगेच रुग्णालय. पालक प्लेटलेटच्या आकड्यावर नजर लावून बसतात. डॉक्टर त्यासोबत रक्त किती घट्ट होतंय, रक्तदाब आणि लघवी हे पाहतात. डेंग्यूच्या रक्ततपासण्यांनाही दिवस असतात: एनएस१ ही तपासणी सुरुवातीच्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम ही त्यानंतर.

थंडी वाजून, घाम येऊन उतरणारा ताप हिवतापाच्या भागात असेल तर त्याच दिवशी रक्त तपासा. दोन-तीन दिवस वाट बघायचा हा ताप नाही.

पाचवा दिवस आणि पुढे. ताप पाच दिवस टिकला तर मूल कितीही बरं दिसो, पुन्हा तपासणी हवीच. टायफॉईडचा विचार इथे येतो. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणारी तपासणी, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावं. टायफॉईडसाठी केली जाणारी विडाल ही रक्ताची चाचणी पहिल्या आठवड्यात फसवते. योग्य औषध सुरू झाल्यावरही टायफॉईडचा ताप चार-पाच दिवस राहू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका. आणि एक नाव विसरू नका: कावासाकी, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. पाच दिवसांचा ताप, पू नसलेले लाल डोळे, भेगाळलेले लाल ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, सुजलेले हातपाय, पुरळ. सगळं एकदम दिसेलच असं नाही, म्हणून आधी दिसून गेलेलंही सांगा. त्याचे उपचार तापाच्या पहिल्या दहा दिवसांत झाले तर हृदयाच्या धमन्या वाचण्याची शक्यता खूप वाढते.

तपासा: ताप जाऊन एक-दोन दिवस मूल बरं होतं आणि पुन्हा ताप आला? त्याला जुन्याच तापाची शेपटी समजू नका. कानात किंवा छातीत नवा संसर्ग झालेला असू शकतो.

## टप्पा ७: डॉक्टरांकडे

वही, औषधाच्या बाटल्या आणि लसीकरणाचं कार्ड न्या. घरात, शाळेत कुणाला काय झालंय आणि अलीकडे प्रवास कुठे झाला ते सांगा. आधी कुणी अँटिबायोटिक दिलं असेल तर ते लपवू नका, कारण त्याने तपासण्यांचे निकाल बदलतात.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: तुम्हाला कोणत्या आजाराची शंका आहे, कोणती खूण दिसली तर लगेच यायचं, आणि काहीच खूण नसेल तर पुन्हा कधी दाखवायचं. अँटिबायोटिक लिहून दिलं नाही म्हणून आग्रह धरू नका. विषाणूंवर ते चालत नाही, जुलाब आणि पुरळ मात्र होऊ शकतं. दिलं असेल तर ते कशासाठी आणि किती दिवस, हे लिहून घ्या.

## टप्पा ८: शाळेत परत

औषध न देता पूर्ण २४ तास ताप नाही आणि मूल नेहमीसारखं खातं-पितं आहे, तर पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवणं म्हणजे दुपारी शाळेतून फोन येणं, शिवाय वर्गातल्या इतर मुलांना लागण. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास होऊ द्या. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवा, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. हँड-फूट-माउथमध्ये विषाणू शीमधून काही आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा मूल शाळेत जायला लागलं तरी शी धुतल्यावर साबणाने हात धुणं चालूच ठेवा, मुलाचेही आणि तुमचेही.